फीडरवरच्या पक्ष्यांचे फोटो हिवाळ्यातच सॉफ्ट का येतात? लेन्स विकायला काढण्याआधी हे तपासा

फीडर म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे भरून टांगलेलं भांडं, आणि सॉफ्ट म्हणजे धूसर, कडा न उठलेला फोटो. आधी लक्षणं. तुमचा त्रास यातला नेमका कुठला ते ठरवा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

क) एका दमात वीस फोटो काढले. पक्षी जागचा हलला नाही, सेटिंगला हात लावला नाही. तरी तीन खणखणीत आणि सतरा पाण्याखालून काढल्यासारखे.

ख) पक्षी सॉफ्ट, पण मागच्या फीडरच्या जाळीची तार न् तार मोजून घ्यावी.

ग) अंग शार्प, डोकं पुसलेलं.

घ) चोच, फांदी, जिथे कड असेल तिथे शेजारी एक फिकट जुळी कड.

च) कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास. लॅपटॉपवर मोठा केला की पिसांच्या जागी जलरंगाचे फराटे.

छ) काहीही करा, फ्रेमची एक बाजू कायम सॉफ्ट.

ज) पिसं शार्प, चोच शार्प, डोळा तेवढा गढूळ.

मी मध्य न्यू जर्सीत राहते. मागच्या डेकवर दोन फीडर आहेत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते चारेक मीटरवर पडतात. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उलटलं की मंडळातल्या कुणाचा तरी मेसेज येतोच: "ताई, ऑक्टोबरपर्यंत लेन्स मस्त होती, आता बिघडली वाटतं." सोबत चिकाडी या इवल्याशा पक्ष्याचा एक धूसर फोटो. दर हिवाळ्याला तोच आजार, पेशंट नवा. इतक्या वर्षांत खरोखर बिघडलेली लेन्स मी दोनदाच पाहिली. दोन्ही वेळा ती आधी खाली पडलेली होती, आणि ही बातमी मालकांनी मला सगळ्यात शेवटी दिली.

फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या शेवटी. हा क्रम मोडू नका. पहिल्या हिवाळ्यात मी तो मोडला होता. दोन रविवार वैतागले आणि लेन्स थेट दुरुस्तीला पाठवली. तीन आठवड्यांनी ती परत आली, सोबत 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी आणि जाण्या-येण्याच्या टपालाचं बिल. दोष माझ्या खिडकीत होता.

सगळ्यात आधी एक कागद चिकटवा

दाण्यांच्या रिकाम्या पिशवीवरचा बारीक छपाईचा तुकडा कापा. बारकोड असेल तर उत्तम. पक्षी जिथे बसतो त्याच अंतरावर तो फीडरच्या दांड्याला टेपने घट्ट लावा, वाऱ्याने फडफडता कामा नये. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. नसेल तर ओट्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर टेकवा. नेहमीची जागा, नेहमीचं झूम, दोन सेकंदांचा टायमर. दहा फोटो ऑटोफोकसवर काढा, दर वेळी फोकस नव्याने होऊ द्या. मग फोकस एकदा नीट बसवून मॅन्युअलवर टाका आणि रिंगला हात न लावता आणखी दहा काढा.

कागद मान वळवत नाही, उडून जात नाही. म्हणून तो खरं बोलतो. वीसच्या वीस शार्प आले तर खिडकीची काच, हवा, लेन्स सगळ्यांची सुटका झाली. चूक शटरच्या वेगात किंवा फोकसच्या जागेत आहे. मॅन्युअलवर लॉक केलेले दहा फोटोही एकमेकांपासून वेगळे दिसले, काही शार्प, काही सॉफ्ट, तर फोकस हललेला नाही आणि कागदही हललेला नाही. हलली ती मधली हवा. वीसही एकसारखे सॉफ्ट असतील तर काच, फिल्टर, किंवा पुढे लिहिलेली महागडी कारणं. आणि लॉक केलेले शार्प, ऑटोफोकसचे सॉफ्ट, असं निघालं तर ऑटोफोकसची जुळणी बिघडलेली असू शकते.

हे वीस फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून बघा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून मत बनवू नका. त्या तीन इंचांत सगळेच फोटो सुंदर असतात.

कागद शार्प, पक्षी नाही: शटर

चिकाडीचं वजन दहा-अकरा ग्रॅम. इथली पाच सेंटची दोन नाणी तळहातावर घ्या, तेवढं. फीडरवर बसून निवांत जेवणं तिच्या स्वभावात नाही. येते, एक बी उचलते, फांदीवर नेते, पायांत धरून फोडते. फीडरवरचा मुक्काम सेकंद-दोन सेकंदांचा, आणि तेवढ्यात मान चार दिशांना फिरते. आपल्याला ती स्थिर वाटते, कारण आपले डोळे तिच्यापेक्षा आळशी आहेत. शटरचा वेग १/५०० सेकंद असला की अंग शार्प येतं आणि डोकं पुसलं जातं, ते लक्षण ग.

बसलेल्या छोट्या पक्ष्याला निदान १/१०००. मी १/१६०० वर ठेवते. उडतानाचे पंख गोठवायचे तर १/३२०० आणि वर. चरबीच्या वडीवर ठोकणाऱ्या डाउनी सुतारपक्ष्याचं ठोकणं चालू असताना बटण दाबूच नका. तो दर चार-सहा ठोक्यांनी थांबून आजूबाजूला बघतो, तो क्षण पकडा.

"पण ताई, एवढ्या वेगाला उजेड पुरत नाही." खरं आहे, आणि हिवाळ्याची खरी अडचण इथूनच सुरू होते. स्वच्छ उन्हात ६.३ ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) आणि आयएसओ ४०० (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ला साधारण १/२५०० मिळतो, म्हणजे चैन. आभाळ भरून आलं की तीन स्टॉप जातात, म्हणजे उजेड तीनदा निम्मा होतो, आणि तोच वेग १/३२० वर येतो. १/१२५० हवा असेल तर आयएसओ १६०० करावाच लागणार. दाट ढगांत ३२००, कधी ६४००. करा. आयएसओ वाढला की फोटो दाणेदार होतो, पण दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला कुणाला सुधारता येत नाही. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून आयएसओ तेवढा ऑटोवर सोडला की ही आकडेमोड डोक्यात करायला नको.

फीडर कुठे टांगलाय तेही बघा. आमच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंशांवर असतो. सहा मीटर उंच घराची सावली दुपारी बारा वाजतासुद्धा बारा मीटर लांब पडते. फीडर घराच्या उत्तरेला असेल तर तो डिसेंबरात दिवसभर सावलीत, आणि तुम्ही खिडकीतून "आज किती छान ऊन पडलंय" म्हणत बसलेले. एका दादांचा सगळा त्रास एवढाच होता. फीडर घराच्या कोपऱ्यापलीकडे, पूर्वेच्या बाजूला हलवला, सकाळचं ऊन मिळालं, प्रश्न मिटला.

बर्फ पडला की आणखी एक भानगड होते. कॅमेऱ्याला पांढरं पांढरं दिसतं, तो बिचकून फोटो काळवंडून टाकतो, मग आपण लॅपटॉपवर उजेड ओढतो आणि सावल्यांतून दाणे वर येतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) अधिक १, पूर्ण बर्फ असेल तर अधिक १.७ पर्यंत न्या. पांढरं जळत नाही ना ते हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर बघा.

लक्षण च, म्हणजे जलरंग, हा फोकसचा दोषच नाही. जास्त आयएसओला कॅमेरा जेपेग बनवताना दाणे पुसतो, आणि दाण्यांबरोबर पिसंही पुसतो. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने पुसापुशी न केलेल्या फाइलमध्ये काढा. रॉ नको असेल तर मेनूतलं नॉइज रिडक्शन सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा.

दोन मिनिटांची कामं

लेन्सवर एक छोटं बटण असतं, फोकसचं अंतर मर्यादित करणारं. ते 'सहा मीटरपासून पुढे' किंवा 'दहा मीटरपासून पुढे' अशा खुणेवर राहिलं असेल आणि तुमचा फीडर चार मीटरवर असेल, तर लेन्स जन्मात तिथे फोकस करणार नाही. शरद ऋतूत ससाणे बघायला गेला होतात, तेव्हा सरकवलेलं असतं. मोठ्या झूम लेन्सची जवळात जवळची मर्यादाही बघून घ्या. काहींची अडीच-पावणेतीन मीटर असते, त्याहून जवळच्या पक्ष्यावर कुठलंच बटण चालणार नाही.

लेन्सच्या तोंडावरची संरक्षक काच, म्हणजे यूव्ही फिल्टर, काढा. लेन्ससोबत दुकानदाराने गळ्यात मारलेला असेल तर आधी तोच काढा. लांब लेन्सवर स्वस्त काच सगळ्यात आधी उघडी पडते.

कॅमेरा ट्रायपॉडवर आणि लेन्स जुनी असेल तर स्टॅबिलायझर (हाताचं हलणं सावरणारी यंत्रणा) बंद करून पुन्हा कागदाचे फोटो काढा. काही जुन्या लेन्स स्थिर आधारावर स्वतःच डुलतात. नव्या बहुतेक ओळखतात.

लक्षण ख: जाळी शार्प, पक्षी सॉफ्ट

४०० मिलिमीटरची लेन्स, ६.३ ॲपर्चर, क्रॉप (म्हणजे छोटा) सेन्सर, अंतर साडेतीन मीटर. या हिशेबात शार्प दिसणारी जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर. पाच मीटरवर गेलात तरी चारच्या आतच. फीडरच्या नळीचा पृष्ठभाग आणि पक्ष्याचा डोळा यांच्यात सहज पाच-सहा सेंटिमीटर असतात. म्हणजे फोकस जाळीवर बसला की पक्षी गेला. आणि तो जाळीवरच बसतो, कारण ऑटोफोकसला ठळक काळ्या-पांढऱ्या रेघा आवडतात. मऊ राखाडी पोट त्याला पकडायला अवघड जातं.

सगळ्यात जास्त त्रास गोल्डफिंचच्या बारीक जाळीच्या फीडरवर. हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी, उन्हाळ्यात हळदीसारखा पिवळा, हिवाळ्यात मळकट. त्याच्या फीडरमध्ये 'नायजर' म्हणून जे बारीक काळं बी भरतात ते दुसरंतिसरं काही नाही, आपलं कारळं. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिने पिशवीत हात घातला आणि म्हणाली, "अगं, ही तर कारळं! चटणी करायची सोडून चिमण्यांना घालतेस?" यातलं बरंचसं भारत आणि इथिओपियातूनच येतं. इथे विकण्याआधी त्याला उष्णता देतात, कारण त्याच्यात अमरवेलीच्या जातीच्या तणांचं बी मिसळलेलं असू शकतं, ते इथे रुजू नये म्हणून. चटणीसाठी ती पिशवी घेऊ नका, ती माणसांसाठी पॅक केलेली नसते. आईला हे पटवायला मला दोन दिवस लागले.

असो. उपाय तीन, सोप्यापासून.

पहिला: फोकस सतत चालणाऱ्या मोडवर ठेवा, आणि सगळा पडदा फोकसला मोकळा न सोडता एकच छोटा बिंदू निवडून तो डोळ्यावर धरा. कॅमेरा पक्ष्याचा डोळा ओळखणारा असेल तर ती सोय जरूर चालू ठेवा, पण जाळीसमोर ती वारंवार चकते हे लक्षात असू द्या.

दुसरा: नळीच्या फीडरला चार बाजूंना तोंडं असतात. मागची आणि पलीकडची तोंडं टेपने बंद करा. पक्षी आपोआप तुमच्या बाजूला, तुम्हाला आडवा बसतो. त्यामुळे डोळा, चोच, शेपूट एकाच अंतरावर येतात आणि ती दोन सेंटिमीटर पुरतात.

तिसरा, आणि माझा आवडता: फीडरचा फोटो काढूच नका. फीडरपासून हात-दीड हातावर एक चांगली, शेवाळलेली फांदी क्लॅम्पने बांधा. चिकाडींमध्ये मानापमान भारी असतो. वरचढ पक्षी फीडरवर असला की खालच्या मानाचे रांगेत थांबतात, आणि ते त्या फांदीवर थांबतात. फांदी खिडकीला समांतर बांधा. फोकस आधीच तिच्यावर बसवून ठेवा. मागची झुडपं पाच-सहा मीटर लांब असतील तर पार्श्वभूमी सायीसारखी येते, आणि फोटोत प्लास्टिकची नळीही नाही.

लक्षण घ: जुळी कड म्हणजे काच

इथल्या खिडक्यांना दोन काचा असतात, मध्ये हवा किंवा वायू भरलेला. सरळ समोरून बघितलं तर फारसा फरक पडत नाही. तिरकं बघितलं की दोन्ही काचांवरून उजेड उड्या मारतो आणि मूळ चित्राशेजारी एक फिकं चित्र सरकून पडतं. म्हणून लेन्स काचेला काटकोनात धरा, हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी) काचेला अगदी टेकवा, खोलीतले दिवे बंद करा. फीडर तिरका पडत असेल तर कॅमेरा वाकडा करण्यापेक्षा फीडर सरकवा.

काच बाहेरून पुसा. आतून सगळेच पुसतात. आणि डासांची जाळी काढा! हसू नका, मला दर वर्षी एक तरी फोटो जाळीतून काढलेला येतो. जवळून ती दिसतच नाही, पण फोटोवर दुधाची साय धरल्यासारखी दिसते.

इथे फोटोच्या सोयीचं आणि पक्ष्यांच्या सुरक्षिततेचं भांडण आहे, तेही सांगते. फीडर काचेपासून एक तर तीन फुटांच्या आत असावा, म्हणजे दचकून उडालेल्या पक्ष्याला वेगच मिळत नाही. नाही तर तीस फुटांच्या पलीकडे असावा. फोटोला सोयीचे बारा-पंधरा फूट नेमके धोक्याच्या पट्ट्यात येतात. मी फीडर तिथेच ठेवलाय, पण काचेच्या बाहेरच्या बाजूला दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवलेत. अर्थातच त्या काचेतून फोटो निघत नाही. म्हणून मी खिडकी उघडते. आणि खिडकी उघडली की पुढचा आजार सुरू.

लक्षण क: हवा

बाहेर उणे चार, आत एकवीस अंश सेल्सिअस. तुम्ही शहाण्यासारखी काच बाजूला सारली, म्हणजे आता मध्ये काहीच नाही, नाही का? आहे. गरम हवा बाहेर, थंड हवा आत, आणि तुमच्या लेन्ससमोर त्यांची झटापट. तापलेल्या तव्याच्या वरून पलीकडची भिंत बघा, ती हलताना दिसते. गरम हवा विरळ, थंड हवा दाट. उजेड दोन्हींतून वेगवेगळा वाकतो. त्यांचे भोवरे म्हणजे सतत आकार बदलणारी शेकडो वेडीवाकडी भिंगं. उघड्या डोळ्यांना हे कळत नाही, कारण तिथे ना वाफ दिसते ना धूर. लांब लेन्स पक्ष्याबरोबर या भोवऱ्यांनाही मोठं करते.

ओळखायची खूण अशी: शटर १/१६०० वरून १/३२०० केला तरी फरक पडत नाही. सलग फोटोंपैकी काही शार्प, काही नाहीत, आणि त्याला काही नियम नाही. मागची अस्पष्ट झुडपं गुळगुळीत न येता खरखरीत, दुहेरी कडांची दिसतात. नव्या कॅमेऱ्याने, महागड्या लेन्सने, कशानेही हे जात नाही. उलट लेन्स जितकी लांब तितकं जास्त जाणवतं. म्हणून तर माणसं ४०० ची विकून ६०० ची घेतात आणि आणखी दुःखी होतात.

त्यात इथल्या घरांत हीटिंगची झरोके-जाळी बहुतेक खिडकीच्या बरोब्बर खाली, जमिनीत असते. म्हणजे गरम हवेचा फवारा थेट लेन्ससमोर. पहिलं काम, ती जाळी बंद करा. तिच्यावर छोटी कडी असते. मग त्या खोलीचं दार लावा, खिडकी उघडा आणि अर्धा तास थांबा. खोली बाहेरइतकी थंड होऊ द्या. स्वेटर, शाल, कानटोपी, चहाचा थर्मास. चहाचा कप लेन्सखाली ठेवू नका, त्याचीही वाफ पुरते. आमच्याकडे पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, "अख्खं न्यू जर्सी गरम करायचा ठेका घेतलायस का?" त्याचंही बरोबरच होतं. म्हणून दार लावायचं, आणि तेवढ्या वेळापुरता थर्मोस्टॅट खाली करायचा.

हूड चौकटीच्या बाहेर चार बोटं तरी काढा, म्हणजे हवेची झटापट लेन्सच्या मागे राहते. आणि लेन्स खिडकीच्या खालच्या कडेला ठेवा. गरम हवा वरून निसटते, खालून थंड हवा आत येते. खालचा झोत त्यामानाने शांत असतो.

लेन्स स्वतःही गरम असते. कपाटातून काढून लगेच बाहेर धरली तर हूडच्या नळीत गरम हवा कोंडून राहते आणि तिथेच छोटी भट्टी पेटते. वीस-तीस मिनिटं ती बाहेरच्या थंडीत राहू द्या, हूड काढून ठेवला तर आणखी बरं. परत आत आणताना मात्र उलटी काळजी घ्या. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा-लेन्स मोठ्या झिपच्या पिशवीत हवाबंद करा, आणि आत आणल्यावर दोन तास पिशवी उघडू नका. नाही तर आतल्या ओलाव्याचं दव थेट काचेवर आणि बटणांच्या फटींत बसतं.

या सगळ्यापेक्षा सोपा उपाय: गॅरेज. बहुतेकांचं गॅरेज गरम केलेलं नसतं. दार थोडं वर करा, आत खुर्ची टाकून बसा, फीडर समोर हलवा. पक्षी दोन-तीन दिवसांत सरावतात. गाडी नुकतीच आलेली नसावी, एवढंच. बॉनेटवरची हवा तासभर नाचत असते. उन्हात तापलेल्या गडद डेकवरून आरपार फोटो काढतानाही हाच त्रास होतो, तेव्हा सकाळी डेक तापायच्या आत काम उरका.

अजूनही सॉफ्ट?

आरशाचा जुना डीएसएलआर असेल तर कागदाचे पाच फोटो व्ह्यूफाइंडरला डोळा लावून आणि पाच लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढा. लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे सॉफ्ट असतील तर ऑटोफोकसची जुळणी सरकली आहे. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत ती सुधारायची सोय असते, उणे २० ते अधिक २० अशा पायऱ्यांची. एका वेळी पाच पायऱ्या सरकवून कागदावर बघा, मग एकेक. आकडा टोकाला न्यावा लागत असेल तर थांबा, तो तुमच्या हातातला इलाज नव्हे. मिररलेस कॅमेरा फोकस थेट सेन्सरवरच करतो, त्यात ही भानगड सहसा नसते.

लक्षण छ साठी विटांची भिंत शोधा. कॅमेरा तिच्यासमोर अगदी समांतर ठेवून एक फोटो काढा, मग कॅमेरा उलटा करून, डोकं खाली पाय वर, तसाच दुसरा. सॉफ्ट बाजू भिंतीच्या त्याच टोकाला राहिली तर तुम्ही वाकडे उभे होतात. ती कॅमेऱ्याबरोबर फिरली, तर आता दुसरी लेन्स लावून बघा. दुसरीने सगळी भिंत शार्प आली, तर पहिल्या लेन्समधलं एखादं भिंग जागचं सरकलंय. दुसरीनेही तीच बाजू सॉफ्ट, तर दोष कॅमेऱ्यात.

इथे थांबा

भिंग सरकलेलं असेल, झूम फिरवताना करकर वाजत असेल, आत बुरशीचे धागे किंवा पाण्याचे डाग दिसत असतील, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. व्हिडिओ बघून लेन्स उघडता येते, पण पुन्हा जुळवता येत नाही. त्यासाठी लागणारं यंत्र आपल्या घरी नसतं. मात्र स्टॅबिलायझर असलेली लेन्स कॅमेरा बंद असताना हलवली की आत किंचित खुळखुळते. ते नेहमीचं आहे, घाबरू नका.

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला किंवा जाणत्या दुरुस्तीवाल्याला द्या. फोकसची तक्रार असेल तर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही पाठवा, एकटी लेन्स पाठवली तर जुळणी कशाशी करणार? सोबत विटांचे आणि कागदाचे फोटो द्या. "फोटो नीट येत नाहीत" एवढंच लिहिलं तर माझ्यासारखी चिठ्ठी परत येते. लेन्स पडली होती का, ते खरं सांगा. खर्चाचा अंदाज आधी मागा. तो तशाच वापरलेल्या लेन्सच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर मी दुरुस्त करणार नाही.

राहिलं लक्षण ज. पिसं शार्प, डोळा गढूळ. हा फोटो मला दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने पाठवला, हाउस फिंचचा, नर, छातीवर लाली. तिला वाटलं फोकस चुकला. मी मोठा करून बघितला. पापणीभोवतीचं प्रत्येक पीस मोजता येत होतं. डोळाच सुजलेला होता, कडेला पापुद्रा धरलेला. कॅमेरा, काच, हवा सगळं ठीक होतं, पक्षी आजारी होता.

हा हाउस फिंचच्या डोळ्यांचा संसर्ग. १९९४ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या आसपास तो या पक्ष्यांत पहिल्यांदा लक्षात आला आणि पुढे सगळीकडे पसरला. फीडरवर पक्षी एकमेकांना खेटून बसतात, एकाच भोकात डोकं घालतात, त्यातून तो एकाचा दुसऱ्याला होतो. असा फोटो आला तर त्याच दिवशी फीडर उतरवा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, घासून धुवा, नीट खळबळा, पूर्ण वाळवा, आणि काही दिवस टांगू नका म्हणजे घोळका पांगेल. खालची टरफलं झाडून टाका. एरवीही दोन आठवड्यांतून एकदा धुवायचाच.

पक्ष्याला पकडून डोळ्यात थेंब घालायला जाऊ नका. इथे परवान्याशिवाय रानपक्षी घरात ठेवणं कायद्याने बंद आहे, १९१८ पासून. परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा. त्यांनी विचारलं, "पक्षी नक्की आजारी आहे, का फोटोच अस्पष्ट आहे?" तर त्या बारकोडच्या कागदाचा फोटोही सोबत पाठवा. मैत्रिणीने पाठवला होता.